ओळखीचं वाटतं, आठवत नाही

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

पोहोचले एकदाची! पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलेल्या एसटीने एका वळणावर उतरवलं, तिथून पाऊण तासाची चढण. पोटऱ्यांचे गोळे झालेत, पण इतकं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वाडी बावीस घरांची. त्यातली नऊ बंद, माणसं मुंबईला. उरलेल्यांत बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणजे माझ्या कामाला हवे तसेच. पुण्याच्या संस्थेसाठी मला तीन महिने इथे राहून म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायच्या आहेत. गेल्या वर्षी महाडला हेच केलं, तेव्हा एक आजोबा भेटले होते. बायको गेल्याचं त्यांच्या लक्षातच राहायचं नाही, रोज ती कुठे आहे म्हणून विचारायचे. पण तिसऱ्या महिन्यापासून सकाळी चहाला एकच कप काढायला लागले. डोक्याला माहीत नव्हतं, हाताला माहीत झालं होतं. तेव्हापासून मला या कामाचं वेडच लागलं आहे.

खोली गोदूबाईंच्या घरात मिळाली. सत्तरीच्या, काटक, एकट्याच राहतात. त्यांचे दीर महिपती शेजारी राहतात, मुलगा चंदूसोबत. हा चंदू वळणापर्यंत येऊन माझी बॅग वर घेऊन आला. पस्तिशीचा असेल, रुंद खांद्यांचा, भुवया मधे जुळलेल्या, कपाळावर मोठा व्रण. वाटेत मी दोनदा थांबले, तर तोही न बोलता थांबला.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कारळ्याची चटणी. गोदूबाईंनी नाव विचारलं. राजनंदिनी वाघचौरे म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "एवढं मोठं नाव माज्या जिभेवर नाय बसायचं गो. मी शकू म्हणंन. चालंल ना?" मुलीचं नाव होतं, तोंडाला सवय आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, चालेल की. सिन्नरला आमच्या गिरणीत दळण आणणाऱ्या बायकांनी मला आजवर राणी, नंदा, ठमी काय वाटेल ते म्हटलंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सगळ्या घरांत सोनं वाटून आले. काशीबाई नावाच्या एका म्हातारीने मात्र दारातूनच पान घेतलं आणि मला आत बोलावलं नाही. तुसड्या वाटल्या.

शकूबद्दल आज कळलं. अकरा वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत वाडीतली सहा तरुण मुलं वहाळावरच्या साकवावरून परतत होती. पाणी वाढलं, साकव गेला, सहाही गेली. शकू एकोणीस वर्षांची होती. गोदूबाईंनी हे तांदूळ निवडत सांगितलं, मान वर न करता. मी राहते ती तिचीच खोली.

मीही शेजारी बसून तांदूळ निवडले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चाचण्या सुरू झाल्या. पद्धत साधी. पंधरा शब्द वाचून दाखवायचे. अर्ध्या तासाने तीस शब्द वाचायचे, त्यांत ते पंधरा आणि नवे पंधरा. कुठला आधी ऐकलाय ते त्यांनी सांगायचं. आणि मग माझा आवडता प्रश्न: कशावरून? कुणी म्हणतं, "विळ्याच्या नंतर तुमी सूप म्हणालात, आणि तेवढ्यात कोंबडा ओरडला." ही आठवण. कुणी नुसतं म्हणतं, "ओळखीचा वाटतो." ही फक्त ओळख. ओळखीला कड नसते, आगापिछा नसतो. आणि तीच माणसाला सगळ्यात जास्त फसवते. एखादी गोष्ट कानावरून पुरेशा वेळा गेली की ती ओळखीची होते, आणि ओळखीची झाली की खरी वाटते.

नव्या शब्दांत मी "साकव" घातला होता. पुण्याहून आलेल्या यादीत "पूल" होता, तो इथल्या बोलीप्रमाणे बदलला. आता वाटतं, तो शब्द घालायला नको होता. कारण आजवरच्या चौदाही जणांनी सांगितलं की साकव पहिल्या यादीत होता. चौदापैकी चौदा. कशावरून, विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. ओळखीचा हाय.

परसदाराची खिटी अडकते. वर उचलून कमरेने ढकलावं लागतं. आज लक्षात आलं की मी ते विचार न करता करते. हात किती पटकन शिकतात!

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीला घरी जाणार होते. गोदूबाईंना ताप भरला, म्हणून थांबले. खिंडीत जाऊन आईला फोन करायला हवा होता. तेवढीच एक जागा आहे जिथे रेंज येते. पण भाऊबीज उलटून गेली तरी मला आठवण झाली नाही. घरी दिवाळी चालू आहे हेच डोक्यात नव्हतं. आज फोन केला. आई बोलली नाही, सुशांत बोलला. रुसलाय. धाकटा असला तरी रुसायला पहिला.

भाऊबीजेला मी चंदूला ओवाळलं. गोदूबाई म्हणाल्या, घरात दुसरं कोण हाय ओवाळायला. त्याने हट्टाने पाट स्वतःच्या डावीकडे सरकवून घेतला. म्हणाला, इथंच बसतो मी नेहमी.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाला मुंबईकर आले, दोन दिवस वाडी भरली. त्यांतला कुणीही माझ्याशी पाहुण्यासारखं वागला नाही. एका बाईने लुगड्याच्या घड्या माझ्या हातात देऊन सांगितलं, माळ्यावर ठेव. मी ठेवल्या. कुठल्या पेटीत, ते तिने सांगितलं नव्हतं.

सांगितलं असेल. मी ऐकलं असेल.

३ डिसेंबर, मंगळवार

आज गोदूबाईंबरोबर झऱ्यावर गेले होते. येताना मी वाट सोडून खाली उतरले. तिथं एक रायवळ आंबा हाय, त्याच्या मुळाशी बसायला दगड. हंडा ठेवून बसले. गार वाटलं. वर पाहिलं तर गोदूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. शकू इथंच बसायची म्हणे.

बोलण्यात आलं असणार कधीतरी. त्या दिवसभर काही ना काही बोलत असतात. मी लॅपटॉपवर नोंदी करत असते, त्या पलीकडे भाकऱ्या थापत असतात. माझं लक्ष नसतं. पण कान तर बंद नाय करता येत.

७ डिसेंबर, शनिवार

कामाला कंटाळा येतोय. काल दिवसभर गोदूबाईंबरोबर उडीद झोडले. हात भरून आले पण मन शांत झालं. पुण्याहून दोन मेल आले व्हते, अजून उत्तर दिलं नाय. उद्या बघू.

१० डिसेंबर, मंगळवार

सगळं नीट लिहायचं आहे.

चाचणीच्या वेळी मी फोनवर आवाज भरून घेते. गेल्या गुरुवारी गोदूबाईंची दुसरी चाचणी घेतली आणि फोन बंद करायला विसरले. आज फाइल उघडली तर अडीच तासांची. सुरुवातीची वीस मिनिटं चाचणी. मग माझ्या टाइपिंगचा आवाज, आणि पलीकडून गोदूबाई. त्या पुटपुटत नव्हत्या. माझ्याशी बोलत होत्या. शांतपणे, एका लयीत, थांबून थांबून.

"तू सात वर्साची व्हतीस. झाडावरनं पडलीस. रडली नायस."

आणि माझा आवाज: "हं."

"शाळेतनं आलीस की पयलं मडक्यात हात घालायचीस."

"हं."

अडीच तास. मला यातलं एक अक्षर आठवत नाही. मी पाऊणशेहून जास्त वेळा "हं" म्हटलं आहे. मोजायचं सोडून दिलं. आणि एकदा त्यांनी विचारलं, "झाडावरनं पडलीस तवा कुठल्या हाताला लागलं व्हतं गो?"

टाइपिंग थांबलं नाही. माझा आवाज म्हणाला, "डाव्या."

मग गोदूबाई, हळूच: "डाव्याच."

मी फाइल मागे नेऊन दोनदा ऐकली. त्याआधी डावा हा शब्द त्यात कुठेही नाही.

मग खिंडीत गेले आणि सुशांतला फोन केला. तो हसायला लागला. म्हणाला, ताई, हाय काय, नाय काय, कुठली भाषा बोलतेस? परत येऊन ही वही चाळली. तीन तारखेपासून माझ्याच अक्षरात हाय आहे, नाय आहे, व्हते आहे. लिहिताना कळलंसुद्धा नाही.

ठीक आहे. आता कळलं. जे नकळत शिकता येतं, ते कळल्यावर थांबवता येतं. मी हे शिकून आले आहे, त्यातच पदवी घेतली आहे. मला कुणी माझ्या नकळत दुसरं कुणी करू शकणार नाही.

११ डिसेंबर, बुधवार

गोदूबाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मला राजनंदिनी म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. आणि शकूच्या गोष्टी मला सांगू नका. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "मी तुला काय कमी केलं गो?"

मी म्हटलं, काही नाही. खरंच काही कमी केलं नाही. पण मी त्यांची मुलगी नाही.

त्यांनी मान हलवली आणि पातेलं घासायला घेतलं. थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, शकू पण अशीच तोडून बोलायची.

१४ डिसेंबर, शनिवार

काशीबाईंनी बोलावलं. दसऱ्याला दारातून परतवलं होतं, त्याच. आज हात धरून आत नेलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. देवळापुढे उभी असलेली सहा मुलं, काचेवर सुकलेला हार. बोट ठेवत एकेक नाव सांगितलं. हा त्यांचा मुलगा. ही शकू, गोल चेहऱ्याची, माझ्यासारखी अजिबात नाही. आणि हा चंदू. महिपतीचा चंदू.

फोटोतला चंदू किडकिडीत आहे. दात पुढे आलेले. भुवया जुळलेल्या नाहीत.

मी विचारलं, मग माझी बॅग उचलणारा कोण?

सहा वर्षांपूर्वी विजेच्या तारा ओढायला ठेकेदाराची माणसं आली होती. त्यांतला एक खांबावरून पडला. डोकं फुटलं. साथीदार त्याला दवाखान्यात दाखवून परत इथे महिपतीच्या ओटीवर टाकून गेले, ते पुन्हा आले नाहीत. महिपतीने त्याला दोन महिने भरवलं. रोज उशाशी बसून बोलत राहिला. बायाही येऊन बसायच्या, बोलायच्या. पोरगा उठला तो चंदू होऊनच उठला.

मी विचारलं, करणी केली का कुणी? माझ्या तोंडून असा प्रश्न येईल असं कधी वाटलं नव्हतं.

"कुणी काय केलं नाय गो," काशीबाई म्हणाल्या. "नुसतं रोज बोलले. माणूस एकटं असलं, त्याला जेवाय घातलं, नि रोज तेच तेच बोललं, की झालं. मला पण म्हणाले, काशी, तू पण घे एखादा. मी म्हटलं, माजा पोर गेला तो गेला. दुसऱ्या आईचा नाय घ्यायची मी."

मग सहा वर्षं बोलला का नाहीत, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी फोटोची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "महिपतीचा पोरगा मी दुसऱ्यांदा कसा मारू?"

पण त्याची पिशवी त्यांनी जपून ठेवली होती. महिपतीने जाळायला दिली होती, ती पडवीत लपवली. वाचता येत नाही म्हणून मला दिली. पिवळं हेल्मेट, ओळखपत्र: रितेश डाखोरे, जिल्हा वाशीम. मागच्या बाजूला पेनाने एक फोन नंबर आणि नाव, अक्षदा. काशीबाई म्हणाल्या, "तू दसऱ्याला आलीस तवाच बोलाय हवं व्हतं. माजी चूक झाली. आता तरी जा इथनं."

१५ डिसेंबर, रविवार

बॅग भरली. मग उपसली.

मी गेले तर सुटेन. पण तो इथेच राहील. ओळखपत्रावरचा माणूस जिवंत आहे, कुणीतरी त्याला शोधत असेल, आणि हे माहीत असून बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी जाणार नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. राहायचं मी ठरवलं आहे, मला कुणी ठेवून घेतलेलं नाही.

नियम: रोज सकाळी माझं नाव, आईचं, सुशांतचं, घराचा पत्ता वहीत लिहायचा. जेवण स्वतः करायचं. खोलीत असताना कानांत इअरफोन. गोदूबाईंशी कामापुरतं बोलायचं, आणि त्यांनी शकू म्हटलं की दर वेळी, न चुकता, नाही म्हणायचं.

१९ डिसेंबर, गुरुवार

तो नंबर बंद आहे. ओळखपत्रावरच्या गावच्या ग्रामपंचायतीचा नंबर शोधून निरोप ठेवला.

आज त्याला गाठलं. शेणी रचत होता. मी हाक मारली, रितेश. त्याने वळून मागे पाहिलं, दुसरं कुणी आहे का ते. ओळखपत्र दाखवलं. फोटो निरखून पाहिला, म्हणाला, माझ्यासारखा दिसतो. आणि परत केलं.

मग मी त्याला लहानपणाचं विचारलं. भरभरून बोलला. कपाळावरचा व्रण? नवव्या वर्षी आंब्यावरून पडलो. चाचणी घेते तसं विचारत गेले: पडताना काय दिसलं? आधी काय करत होतास? तो अडखळला. म्हणाला, "मी अंगणात पडलेला दिसतो. रडतोय. बाप धावत येतो."

तो स्वतःला बाहेरून बघतो. प्रत्येक आठवणीत. लहान चंदू समोर दिसतो त्याला, जसा महिपतीला दिसला असेल तसा. कारण त्या महिपतीच्याच आठवणी आहेत. इतका आनंद झाला मला! पुरावा सापडला. खऱ्या आठवणीत माणूस स्वतःच्या डोळ्यांतून बघतो.

निघताना विचारलं, तुला इथून जावंसं वाटतं का? म्हणाला, कुठं?

२० डिसेंबर, शुक्रवार

तीच चाचणी स्वतःवर घेतली. घ्यायला नको होती.

सिन्नर. आमची गिरणी. एक मुलगी पीठ भरलेल्या केसांच्या बाईजवळ उभी आहे. मुलगी मला दिसते. निळा फ्रॉक. पाठमोरी.

रायवळ आंबा. हाताखाली साल खरखरीत. खाली पदर. डाव्या कोपरात कळ —

२१ डिसेंबर, शनिवार

यात घाबरण्यासारखं काही नाही. खूप जुनी खरी आठवणही कधी कधी बाहेरून दिसते. आणि जिवंत वाटणारी आठवण खोटी असू शकते. जिवंत वाटणं हा पुरावा नव्हे. माझा कालचा आनंदही घाईचाच होता. रितेशचा पुरावा बॅगेत आहे, कागदावर. माझाही कागदावर आहे. डोक्यात काय वाटतं त्याला मी विचारणार नाही.

राजनंदिनी वाघचौरे. आई मंदाकिनी. भाऊ सुशांत. गिरणीमागची गल्ली, सिन्नर.

२६ डिसेंबर, गुरुवार

अक्षदाचा फोन आला. रितेशची बहीण. मी खिंडीतच बसून होते, रोज दोन तास बसते. तिचा पहिला प्रश्न: जिवंत आहे का? ठेकेदाराने घरी सांगितलं होतं की तो काम सोडून पळाला. सहा वर्षं पोलीस, देवळं, स्टेशनं सगळं झालं. वडील त्यातच गेले.

दोन तारखेला पोचते म्हणाली. आठ दिवस. निघता येईना, घरी सासू आजारी.

मी म्हटलं, मी इथे आहे. तुम्ही येईपर्यंत मी इथेच आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

महिपतीला कळलं. कसं, माहीत नाही. येऊन ओटीवर बसला. दमदाटी केली नाही. म्हणाला, माझा पोरगा दोन तारखेला मुंबईला पाठवतोय, कामाला. मी म्हटलं, पाठवा, वळणावर आम्हीही असू. तो तुमचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "तू लहान व्हतीस तवापास्नं हट्टी."

मी म्हटलं, नाही.

इअरफोन सापडत नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार

सुशांतला बोलावलं आहे. दोन तारखेला दुपारपर्यंत ये म्हटलं. आणि मी नाही म्हटलं तरी मला घेऊन जा. मी काहीही म्हटलं तरी. त्याने तीनदा विचारलं काय झालंय. मी फक्त तारीख परत सांगितली. त्याचा आवाज — चांगला मुलगा वाटला.

चांगला मुलगा वाटला, असं मी भावाबद्दल लिहिलंय. खोडत नाही. राहू दे. दिसू दे मला.

३१ डिसेंबर, मंगळवार

गोदूबाई आता बोलतच नाहीत. दिवसभर एक शब्द नाही. त्याने जास्त भीती वाटते. बोलायची गरज उरली नाही असं —

नाही. हे सगळे म्हातारे आहेत, दुःखी आहेत, एवढंच. राक्षस नाहीत. त्यांनी मला पोटभर घातलं. पण मी त्यांचं दुःख भरून काढायचं भांडं नाही. रितेशही नाही.

राजनंदिनी वाघचौरे. आई मंदा. भाऊ सुशांत. सिन्नर.

मंदाकिनी. मंदाकिनी.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सकाळी वही उघडली. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वाचून पाहिला. यादीतल्यासारखा. न ऐकलेला शब्द असावा तसा —

ओळखीचा वाटत नाही. पण खरा हाय. आहे. खरा आहे. मी चौदा जणांना एका न ऐकलेल्या शब्दाची शपथ घेताना पाहिलंय. ओळख खोटं बोलते. मी तिचं ऐकणार नाही.

उद्या.

२ जानेवारी, गुरुवार, दुपार

लिहून ठेवते, मग निघायचं.

सकाळच्या गाडीने अक्षदा आली. बारीक, गव्हाळ, हातात एक कापडी पिशवी. काशीबाई माझ्याबरोबर वळणावर आल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या वाडीसमोर. महिपती आणि तो आधीच येऊन मुंबईकडच्या गाडीची वाट बघत होते.

अक्षदाने दादा म्हटलं. त्याने नम्रपणे सांगितलं, मी चंदू. ती रडली, फोटो दाखवले. वडील गेल्याचं सांगितलं. तो ऐकत होता, परक्याचं ऐकतात तसं. महिपतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं.

मी तिला काहीतरी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. माझ्याकडे सरकून, फक्त मला ऐकू येईल असं कुजबुजली, उजवीकडून बोला, डावा कान लहानपणापासून गेलाय.

आणि गाडी आली. घाटातल्या हॉर्नचा आवाज, धूळ. ती रस्त्याच्या बाजूला होती. तो सरकला. तिच्या हातातली पिशवी घेतली, मागून वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला, आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "मागं हो."

कुणी सांगितलं नव्हतं त्याला. सहा वर्षांत कुणी ते बोललंच नव्हतं, कारण इथे कुणाला माहीतच नव्हतं.

तोही थिजला. हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. मग आपल्या पायांकडे. अक्षदा नुसती चालायला लागली, आणि तो चालला, तिच्या उजव्या बाजूने. गाडीत चढला. नाव आठवलेलं नाही त्याला. पण गेला.

महिपती रस्त्यावरच बसला. काशीबाई त्याच्याजवळ बसल्या. मी पाहिलं आणि निघाले, बॅग आणायला.

त्याचा हात हरला नाही, तर माझाही हरणार नाय. नाही.

नंतर

गोदूबाई दाराशी बसल्यात. अडवत नाहीत. चुलीवर काहीतरी शिजतंय, वास ओळखीचा, इतका ओळखीचा की पाय —

बॅग भरली. वही राहिली.

बाहेर एक मुलगा आलाय. घामाघूम. ताई म्हणतो. गोदूबाई त्याला पाणी देतायत. पाव्हण्यासारखा उभा हाय.

बघितला त्याला. नीट. काहीच होत नाय आत. काही म्हणजे काही नाही. कुणाचा तरी मुलगा. आणि ही ओटी, हा उंबरा, ही म्हातारी — सगळं माझं वाटतं. सगळं.

वाटू दे.

वहीत लिहिलंय: भाऊ, सुशांत. माझं अक्षर आहे. मी म्हटलं होतं, नाही म्हटलं तरी घेऊन जा. त्याला विचारलं, तू सुशांत का? म्हणाला, हो ताई. रडतोय.

मी याला ओळखत नाही. मी याच्याबरोबर जाणार आहे.

आई म्हणते — गोदूबाई म्हणतात, शकू, जेवून जा.

मी म्हटलं, नाही.

परत म्हणतात. मी परत म्हटलं, नाही. बॅग त्या मुलाने उचलली. उठतेय. वही हातातच आहे, उभ्यानं लिहितेय, थांबले तर बसेन. माझं नाव राजनंदिनी, मला ते कुणाचं तरी वाटतं, तरी ते माझं आहे, आणि मी आता उंबऱ्याच्या पलीकडे पाय टाक—